डाव्या जिन्यावरची पावले

“मेलात बाबा. पुन्हा मेलात!” लेक खुर्चीमागून टाळी वाजवत म्हणाली.

“अगं, आला कुठून मेला? समोर तर चिटपाखरू नव्हतं.”

“डावीकडच्या जिन्यावरून. बूट वाजत होते की धाडधाड! हेडफोनबाहेर मला ऐकू आले.”

पडद्यावर बाबांचा शिपाई तिसऱ्यांदा आडवा पडला होता. बाबांनी हेडफोन काढून त्यांच्याकडे असे पाहिले, जणू आता तेच जबाब देणार आहेत.

पाणीखात्यात त्यांना सगळे कानसाहेब म्हणत. रस्त्याखालची नळवाहिनी कुठे फुटली हे ते ऐकून सांगत. लोखंडी सळईचे एक टोक जमिनीवर, दुसरे टोक कानाला. डोळे मिटायचे, श्वास धरायचा, आणि मग खडूने फुली मारायची. तिथे खणले की हातभर अंतरात पाणी सापडलेच पाहिजे. सव्वीस वर्षे हेच. देवाकडे जाण्याच्या नऊ वाटा सांगताना जाणत्यांनी ऐकण्याला पहिला मान का दिला, हे या माणसाला गुडघे टेकून ऐकताना पाहिले की कळे.

पण अलीकडे दोन फुल्या कोरड्या निघाल्या. दोनदा रस्ता फुटला आणि खाली नुसती माती. “भराव आहे, आवाज खातो,” कानसाहेब म्हणाले. अभियंता मॅडम वयाने लहान, स्वभावाने भल्या. पण त्यांनाही वर उत्तर द्यावे लागे. “तिसरा खड्डा कोरडा गेला ना, तर तुम्हाला भांडारात बसवावं लागेल मला,” त्या खाली मान घालून म्हणाल्या होत्या. तिसरा खड्डा उद्या, सोमवारी होता.

म्हणून आज दुपारी घरात येरझाऱ्या चालल्या होत्या. त्या घालता घालता ते लेकीच्या खोलीत डोकावले, आणि टेबलावरची साबणाच्या वडीएवढी काळी डबी त्यांना दिसली.

“ही कशाला? तुझ्या कॉम्प्युटरला स्वतःचा आवाज नाही?”

“आहे हो. पण आत सगळी यंत्रं दाटीवाटीनं कोंबलेली. त्यांची खरखर आवाजात मिसळते. म्हणून हे साउंड कार्ड बाहेर काढून ठेवलंय. आणि यातच हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. हे हेडफोन जडशीळ, त्यांना जोर लागतो. जोर मिळाला की मुंगी चाललेली कळते.”

“आणि मुंगी कळून काय करतेस?”

“गोळी घालते! समोरचा वाळूवर चालतोय की पत्र्यावर, वर आहे की खाली, मी न बघता सांगते.”

“न बघता?” बाबांचे डोळे लकाकले. “म्हणजे हा माझाच धंदा की गं!”

“तुमचाच. फक्त चिखल नाही.”

मग काय, खुर्ची बाबांनी बळकावली. आणि तीनदा मेले. तिन्ही वेळा डावीकडून.

“तुझ्या डबीची डावी बाजू कामचुकार आहे,” त्यांनी निकाल दिला.

“काही नाही हां! कालच सामना जिंकलेय हिच्यावर.”

“मग वायर ढिली असेल. थांब.”

दोन पंपांतला कुठला बिघडला कळेना, की त्यांच्या जागा बदलायच्या आणि खोड कुणाबरोबर जाते ते पाहायचे, ही पंपघरातली जुनी रीत. बाबांनी हेडफोन उलटे घातले. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर.

“आता बघ. डबीत खोट असेल, तर डाव्या जिन्यावरचा गडी आत्ताही ऐकू यायचा नाही.”

खेळ सुरू झाला. डाव्या जिन्यावर पावले वाजली. टक, टक, टक. इतकी स्वच्छ, की एका बुटाची टाच झिजली आहे हेसुद्धा कळावे. बाबा खुशीत हसले. आणि उजव्या दारातून कुणी तरी बिनआवाज आत आले, त्याने त्यांना चौथ्यांदा मारले.

या वेळी लेकीने टाळी वाजवली नाही.

“डबी चांगली आहे गं,” बाबा म्हणाले.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग लेकीने विचारले, “सळई कुठल्या कानाला लावता?”

“डाव्या. पहिल्या दिवसापासून.”

“मग उजव्याला लावा ना!”

“उजव्याला कधी काही शिकवलंच नाही. तो बसून खाणारा भाऊ आहे.”

“मग शिकवा की. मी बसते.”

तिने खेळातले शत्रू काढून टाकले. रिकामी घरे, रिकामे जिने. ती शिपायाला चालवायची आणि डोळे मिटून बाबांनी नुसते सांगायचे: वाळू, पत्रा, लाकूड, भिंतीपलीकडचा गळका नळ. आधी दहातले चार बरोबर आले, मग सहा. “अजून एकदा,” बाबा म्हणत. दिवेलागणीपर्यंत हेच चालले.

सोमवारी गल्लीत रस्ता फोडायचा कॉम्प्रेसर धडधडत होता. खणणारे पहारी टेकवून उभे. कानसाहेबांनी सळई उजव्या कानाला लावली. आवाज होता. पुष्कळ होता. पण त्यातले पाणी कुठले, हे त्या कानाला उलगडेना. खडू मुठीत तसाच राहिला. अंदाजाने फुली मारता आली असती. निम्म्या वेळा ती खरीही ठरली असती.

ते उठून मॅडमकडे गेले.

“मॅडम, माझा डावा कान गेलाय. ते दोन खड्डे मातीनं नाही, माझ्यामुळे कोरडे निघाले. उजवा अजून उमेदवारीत आहे. भांडारात बसवायचं तर बसवा, माझं काही म्हणणं नाही. पण आज मारायची फुली मी ऐकूनच मारीन, आणि त्याला वेळ लागेल.”

“अहो कानसाहेब, आधी बोलायचं नाही का?” मुकादम कळवळला.

“मलाच काल कळलं रे.”

 मॅडमनी जाऊन स्वतःच्या हाताने कॉम्प्रेसर बंद केला. मुकादमाने हात आडवा धरून कोपऱ्यावरची स्कूटर थांबवली. स्वाराने इंजिन बंद केले. खणणाऱ्यांनी पहारी जमिनीवर न वाजवता अलगद आडव्या ठेवल्या. वरच्या गॅलरीत एक बाई सतरंजी झटकत होती, तिचा हात वरच्या वर राहिला.

कानसाहेब पुन्हा गुडघ्यांवर बसले. सळई वीतभर पुढे सरकवली. ऐकले. आणखी वीतभर. मुकादमाला खोकल्याची उबळ आली, ती त्याने तोंडात पंचा कोंबून गिळली. डोळ्यांत पाणी आले, तरी तो हलला नाही.