पट्टी बांधून सासवडला

यज्ञेश्वरपंत दातारांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू शमशुद्दीन वैद्यांनी उतरवला, त्याला दोनच दिवस झाले होते. पंत कसब्यातल्या घरी माजघरात उताणे पडून होते. डोळ्यांवर घट्ट पट्टी होती. सात दिवस मान हलवायची नाही, शिंकायचं नाही, ओणवं व्हायचं नाही, असं वैद्यांनी बजावलं होतं. पंत दफ्तरातले कारकून. तीन वर्षं अक्षर धूसर होत गेलं, तेव्हा कुठे ते या उपचाराला तयार झाले होते.

आणि नेमका तेव्हाच सासवडहून व्याही दिगंबरपंतांचा निरोप आला. त्यांना फौजेबरोबर निघण्याचा हुकूम झाला होता. म्हणून मुलांचं पुढच्या महिन्यातलं लग्न तेरवा दुपारीच सासवडला उरकायचं होतं. 'मुलीला तिच्या काकांबरोबर आजच पाठवावं. पंतांची प्रकृती पाहता ते आले नाहीत तरी चालेल,' असंही त्यांनी कळवलं होतं.

"चालेल?" पंत पडल्या पडल्या ओरडले. "मुलगी माझी, आणि मी नसलो तरी चालेल?"

नऊ वर्षांची सुनीती काकांबरोबर निघून गेली. जाताना वडिलांच्या पायांना हात लावला, तोही पंतांना दिसला नाही.

संध्याकाळी वैद्य आले. "पंत, जाऊ नका," ते म्हणाले. "ते पडळ मी सळईनं नुसतं खाली सारलंय. हिसका बसला की वर येतं. मग माझ्या हातात काही नाही."

"कशानं गेलो तर हिसका बसणार नाही, ते सांगा."

"आमच्याकडे डोळ्यांचं औषध मिळतं. वाहनांचं नाही," वैद्य म्हणाले आणि निघून गेले.

पहाटे दत्तोबा गाडीवानाची बैलगाडी दारात आली. हातभर पेंढा, त्यावर दोन गाद्या, आणि पंतांचं डोकं पत्नी तुळजाबाईंच्या मांडीवर. गल्ली संपेपर्यंत खरंच बरं वाटलं. आडवं पडून जायचं, वर गार वारा. पंतांनी जन्मभर गाडीला नावं ठेवली होती. पोती न्यायला ठीक आहे, म्हणत. आता त्यांना त्या पोत्यांचा हेवा वाटला. मग नागझरी आली. ओढ्यातल्या दगडावर चाक चढलं आणि धाडकन खाली आलं. पंतांच्या डोळ्यांत सुई फिरल्यासारखं झालं.

"दत्तोबा, हळू!"

"हळूच हाय पंत. दगुडच जोरात येत्यात."

दुसऱ्या दणक्याला पंतांनी किंकाळी फोडली. गाडी वळवावी लागली.

"घोडी काढा," घरी येताच ते म्हणाले.

"अहो, दिसत नाही तुम्हाला," तुळजाबाई म्हणाल्या.

"तिला दिसतं ना?"

वीस वर्षं पंत घोड्यावरून हिंडले होते. लगाम आपल्या हातात, मर्जी आपली. कुणाच्या चाकाची वाट बघायची नाही, कुणाच्या खांद्याची नाही. ओट्यावरून ते कसेबसे घोडीवर बसले. दत्तोबानं लगाम धरला. पण डोळे बांधलेल्या माणसाला घोडी कुठे वळणार ते आधी कळत नाही. तोल सावरायला प्रत्येक पावलाला मान ताठ करावी लागत होती. कोपऱ्यावर तोफखान्याचे उंट आले. घोडी बुजली. पंत तिच्या मानेवर आपटले, डोकं खाली. दत्तोबानं त्यांना उतरवलं तेव्हा पट्टीखालून पाणी वाहत होतं.

समोरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "काय पंत, आज लवकर परतलात सासवडहून?"

उत्तर तुळजाबाईंनी दिलं. "हो. तुमच्यासाठी लग्नाचे लाडू आणायचे राहिले, म्हणून पुन्हा निघालोय."

उन्हं चढल्यावर डोली मिळाली. चार भोई, खांदे सराईत. डोलीत दणका नव्हता, पण झोका होता. भोई हुंकारत, दुडक्या चालीनं निघाले; तुळजाबाई मागोमाग चालत होत्या. पंतांनी डोलीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"जरा सावकाश चाला रे!"

"सावकाश चाललं की खांदा भरून येतो जी," पुढचा भोई म्हणाला. "आमचा जीव चालीत असतो."

भवानी पेठ मागे पडली आणि पंतांना उलटी झाली. प्रत्येक ढवळण्याला डोळे फुटतील असं वाटत होतं. त्यांनी डोली खाली ठेवायला लावली आणि रस्त्याकडेला मातीत बसले.

"सगळं करून झालं," ते म्हणाले. आवाज रडवेला होता. "परत चला."

"चालत जाऊ," तुळजाबाई म्हणाल्या.

"बायकोचा हात धरून? पेठेतून?"

"पेठ मागे राहिली. उठा."

भोयांना निरोप देऊन दोघं निघाली. तुळजाबाई पुढे. "दगड आहे. आता उतार. इथे थांबा." हिसका नव्हता, झोका नव्हता. हवं तेव्हा थांबता येत होतं. पण वाट संपत नव्हती. रिकिबीची सवय असलेले पंतांचे पाय संध्याकाळी फोडांनी भरले. फुरसुंगीला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी जेमतेम वडकी. पंत दर कोसाला चिडत होते. व्याह्यांवर, वैद्यांवर, फौजेवर, आणि सगळ्यात जास्त तुळजाबाईंवर, कारण त्या जवळ होत्या.

"तू मुद्दाम दगडावरून नेतेस."

"हो. शोधून काढते एकेक."

तिसऱ्या दिवशी दिवेघाट चढता चढता ऊन माथ्यावर आलं. सासवडची वेस आली तेव्हा सनई ऐकू येत होती. पंत पट्टी विसरून पळू लागले. तुळजाबाईंनी त्यांना कमरेला धरून थांबवलं. तेवढ्यात सनई थांबली.

दारात दिगंबरपंत सामोरे आले. "मुहूर्त टळू देता येईना. कन्यादान आपल्या बंधूंनी केलं. रागावू नये."

रागावण्याइतकंही बळ पंतांत उरलं नव्हतं. ते पायरीवर बसले. मग बांगड्यांचा आवाज जवळ आला.

"तात्या, तुम्ही घोडीवरून नाही आलात?"

"चालत आलो."

"एवढं सगळं?" सुनीती त्यांच्या पायांजवळ बसली आणि कुणी न सांगता फोडांवर तूप लावू लागली. पंत एकदा कण्हले, पण पाय मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दिगंबरपंत फौजेबरोबर गेले. पंत तिथेच अंधाऱ्या खोलीत पडून राहिले. सातव्या दिवशी तुळजाबाईंनी वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी सोडली. डाव्या डोळ्याला नुसता उजेड दिसला. पडळ वर आलं होतं. गाडीत आलं, घोडीवर की डोलीत, कोण सांगणार? उजव्या डोळ्याला मात्र, धुक्यातून दिसावी तशी, हिरव्या लुगड्यातली एक मुलगी दिसली. तिच्या नाकात सासूची मोठी नथ होती. नथीनं ओठ आणि अर्धा गाल झाकला होता.

"ती नथ काढ आधी," पंत करवादले. "चेहरा बघू दे नीट."