पायांची शिकवणी

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात प्रमिला अहिरे जळगावला परत आली, तेव्हा तिच्या आईने शेजारणींना सांगितलं की पोरीला उन्हाळ्याची सुट्टी लागलीय. खरं तर तिला घरी पाठवलं होतं.

नर्मदेपलीकडच्या एका फ्लाइंग क्लबात ती शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकत होती. क्लबाचं शिकाऊ विमान जुनं होतं. त्याचे पंख कापडी, बसायला दोनच जागा. नव्या विमानांना नाकाखाली चाक असतं, याला ते नव्हतं. दोन मोठी चाकं पुढे आणि एक टीचभर चाक शेपटीखाली. असं विमान हवेत गुणी असतं, पण जमिनीला टेकलं की त्याची शेपटी पुढे यायला बघते. त्या दिवशी प्रमिलाने चाकं अलगद टेकवली, मनात म्हणाली, झालं, आणि तेवढ्यात शेपटी डावीकडे सरकली. तिने विमान वळवायची पायाखालची पट्टी दाबली, पण उशिरा, आणि दाबली ती फार जोरात. विमान स्वतःभोवती गर्रकन फिरलं आणि उजवा पंख जमिनीला घासला. तिला खरचटलंसुद्धा नाही.

इन्स्ट्रक्टर रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. ते म्हणाले, "हवेत तू चांगली आहेस. जमिनीवर आलीस की तुझे पाय झोपतात. पंख दुरुस्त व्हायला महिना लागेल. तोवर घरी जा आणि विचार कर."

तिचे वडील निंबा अहिरे चाळीसगावला रेल्वेत होते, रविवारी घरी यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंख बदलता येस ना?"

"येतो."

"मग झालं," असं म्हणून ते जेवायला बसले.

तिच्या भावाचा वर्गमित्र वाल्मीक बळीराम पेठेत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि खिडकीत मोठा कूलर. दुपारी एक ते चार उन्हामुळे क्लास बंद असायचा. त्या वेळात वाल्मीक विमान उडवायचा खेळ खेळायचा. खेळ म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, तो सिम्युलेटर म्हणायचा. विमानांच्या फायली उघडून आतले आकडे बदलायची त्याला हौस होती. कुठल्याशा बर्फाळ मुलखात नदीकाठच्या वाळूवर उतरणारं, शेपटीखाली चाक असलेलं एक छोटं विमान त्याने स्वतः जमवलं होतं. ते अगदी खऱ्यासारखं चालतं, असं त्याचं म्हणणं होतं.

प्रमिला तिथे जाऊ लागली आणि पहिल्याच दुपारी त्यावर सात वेळा उतरली. सातही वेळा विमान रुळावरून आल्यासारखं सरळ जाऊन थांबलं.

"बघ, येतंय तुला," वाल्मीक म्हणाला.

तिला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. इथे जमतं आणि तिथे जमत नाही, याचा अर्थ आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी कूलरचा पंप बंद पडला, म्हणून वाल्मीकने झुलाल आबांना बोलावलं. साठी उलटलेले, उंच, किडकिडीत गृहस्थ. शहरातले अर्धेअधिक कूलर आणि पाण्याच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पंप उघडता उघडता त्यांची नजर पडद्याकडे गेली आणि तिथेच राहिली. प्रमिला उतरली, विमान थांबलं.

"हाई खोटं शे," आबा म्हणाले.

वाल्मीकला ते झोंबलं. "काय खोटं आहे, आबा?"

"तिनं पाय हालवलाच नाही आणि इमान सरळ गेलं. शेपटीचाक्या असा जात नाही." ते प्रमिलाकडे वळले. "तू तर पायानं काहीच केलं नाही, बेटा. कोण करत होतं मग?"

कापसावर विमानातून औषध फवारायचे, त्या काळात झुलाल आबा त्या विमानांचे मेकॅनिक होते. जळगावची धावपट्टी, धुळ्याची धावपट्टी, हंगामात जामनेरकडे शेतात सपाट केलेली जागा, असं सोळा वर्षं ते विमानांमागे फिरले. फवारणीची ती विमानंही शेपटीखाली चाक असलेलीच. पुढे विमानं आली नाहीत आणि आबा मोटारी दुरुस्त करू लागले.

"तुम्ही उडवायचात?" प्रमिलाने विचारलं.

"उडवायची परवानगी पायलटला. जमिनीवर इकडून तिकडं न्यायची मला. सोळा वर्षं मी विमान फक्त जमिनीवर चालवलं. वरचं मला काही कळत नाही."

प्रमिला खुर्चीतून उठली आणि त्यांना बसायला दिली. तिला नेमकं जमिनीवरचंच अडलं होतं. तिने त्यांना सगळं सांगितलं, आईलाही सांगितलं नव्हतं तेही. टेकल्यावर मनात 'झालं' म्हटल्याचंसुद्धा.

आबांनी शांतपणे ऐकलं. "ते 'झालं' इंजिन बंद केल्यावर म्हणायचं," एवढंच बोलून ते परत पंपाकडे वळले.

वाल्मीकने सेटिंग्ज उघडली आणि दोन मिनिटांनी खजील होऊन मान वर केली. पायाचं काम आपोआप करणारी एक सोय सुरू होती. खेळणाऱ्याकडे पट्ट्या नसतात म्हणून ती मुळातच सुरू ठेवलेली असते. त्याने ती बंद केली. पण मग पाय ठेवायचे कशावर?

ते आबांनी केलं. दोन दिवसांनी ते प्लायवुडच्या दोन पट्ट्या घेऊन आले. मध्ये बिजागरी, मागे सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा, आणि जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण पट्टीच्या दांड्याला जोडलेलं. वाल्मीकने त्याच्या तारा जॉयस्टिकच्या तारांशी जुळवल्या. प्रमिलाने उजवा पाय दाबला आणि पडद्यावरचं नाक उजवीकडे वळलं. मग डावा दाबला आणि नाक डावीकडे आलं.

तरी विमान अजून फार शहाणं होतं. आबा म्हणाले, "याचं वजन कुठं ठेवलंय?"

"चाकांवर," वाल्मीक म्हणाला.

"चाकांच्या मागं पाहिजे. लोटगाडी ओढली तर मागोमाग येते, ढकलली तर तोंड फिरवते. का? या विमानात ढकलणारं वजन मागं बसलेलं असतं. ते सारखं पुढं यायला बघणार."

वाल्मीकने वजन मागे नेलं. पहिल्यांदा इतकं नेलं की विमान हवेत जाताच उताणं पडलं. मग थोडं पुढे, परत थोडं मागे. तो आकडे बदलायचा, प्रमिला उतरायची, आबा मागे उभे राहून सांगायचे, "अजून फार सोपं आहे." आठवडाभर दुपारी हेच चाललं. एका दुपारी वाल्मीकने आडवा वारा सोडला. विमान टेकलं, डावीकडे सरकलं, प्रमिलाने उशिरा पाय दाबला, आणि पडद्यावरचं सगळं जग गर्रकन फिरलं. क्लबातल्या त्या दिवसासारखंच.

तिने पट्ट्यांवरून पाय उचलले. आबा मात्र खूश झाले. "आते बराबर शे," ते वाल्मीकला म्हणाले.

आकड्यांनी एक गोष्ट मात्र जमेना. खऱ्या विमानात शेपटी सरकते ती डोळ्यांना दिसायच्या आधी बसल्या जागी कळते. पडदा ते कुठून सांगणार? मग आबांनी प्रमिलाची फिरती खुर्ची दोन्ही हातांनी मागून धरली. पडद्यावर विमान टेकलं की ते नजर पडद्यावर ठेवून खुर्ची बोटभर फिरवायचे, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. दिसायची वाट बघायची नाही, खुर्ची हलली की पाय हलला पाहिजे.

"एवढा नको. टेकव आणि सोड. परत टेकव. पाय नाचते ठेव. नाकाकडं बघू नको, धावपट्टीच्या टोकाकडं बघ."

कपाळावरून घाम गळत असताना पंचेचाळीस डिग्रीच्या त्या दुपारी ते तासतासभर उभे राहायचे. तिने एकदा म्हटलं, "आबा, तुम्ही दमाल. बसा ना."

"विमानं बंद झाल्यापासून चौदा वर्षांत मला कुणी विमानाचं विचारलं नव्हतं," आबा म्हणाले. "मोटर जळाली तेवढं विचारतात. चालव तू."

जूनमध्ये प्रमिला क्लबात परत गेली. पहिल्या उतरणीला इन्स्ट्रक्टर शेजारी बसले होते. चाकं टेकली, बसल्या जागी किंचित हललं, आणि पाय आपोआप गेला. गेला आणि लगेच परत आला. विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत तिचे पाय नाचत होते. इन्स्ट्रक्टरांनी विचारलं, "कुठे शिकलीस?"

"बळीराम पेठेत," ती म्हणाली. त्यांना ते नाव कळण्यासारखं नव्हतं, म्हणून मग तिने कूलर, प्लायवूड आणि खुर्चीसकट सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या गृहस्थांना माझा नमस्कार कळव."

डिसेंबरात तिला लांबच्या फेरीवर एकटीने जायचं होतं. कुठल्या धावपट्टीवर उतरायचं, ते विचारल्यावर तिने धुळ्याचं नाव दिलं आणि वाल्मीकला पत्र टाकलं. ठरल्या दिवशी वाल्मीक आणि आबा सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. आबांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. धावपट्टीच्या कडेला कुसळी गवत माजलं होतं आणि वारा आडवा, उत्तरेकडून येत होता.

दुपारी बाराच्या सुमाराला विमान दिसलं. ते वाऱ्याकडे पंख झुकवून आलं. आधी एक चाक टेकलं, मग दुसरं, मग शेपटी. मध्ये एकदा नाक वाऱ्याकडे वळायला लागलं. ते तिथेच सावरलं आणि विमान सरळ येत येत थांबलं. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे पाय गवतात हलत होते, हे फक्त वाल्मीकने बघितलं.

प्रमिला उतरली आणि सरळ आबांच्या पाया पडली. रस्ताभर जे बोलायचं ठरवलं होतं, ते तिला आठवेना. "आबा, तुमच्यामुळे," एवढंच ती म्हणाली.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मनामुये नही, बेटा, पाय तर तुनाच शेत," ते म्हणाले. बोलता बोलता ते विमानाच्या शेपटीकडे गेले, खाली बसले, छोट्या चाकाच्या दोन्ही स्प्रिंगा बोटांनी दाबून बघितल्या. "डावी ढिली होतेय. परत गेल्यावर सांग तिथल्या मेकॅनिकला. नुसतं सांगू नको, त्याला बसवून दाखव."

"सांगते."

तिने वहीत वेळ लिहिली. वाल्मीकने आणलेली भरीत-भाकरी तिघांनी विमानाच्या सावलीत बसून खाल्ली. निघताना विमान वळवायचं होतं, तेव्हा आबांनी न सांगता पंखाचं टोक धरलं आणि पुढे चालत ते फिरवून दिलं. मग बाजूला होऊन हात वर केला. इंजिनाच्या वाऱ्याने त्यांचा सदरा फडफडला, गवत आडवं झालं. शेपटी उचलली गेली, विमान हलकं झालं आणि उडालं.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले. एरंडोल जवळ आल्यावर त्यांनी वाल्मीकला जामनेरच्या शेतातल्या विमानांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. जळगाव आलं, गाडी रिकामी झाली, कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी त्यांची गोष्ट चालूच होती.