फाइलवरचा हिरवा गोल

या, असे जवळ सरका. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही, कारण ती संशयाची आहे, आणि संशय नेहमी हळू आवाजातच बोलतो.

नाट्यगृहांचे पडदे शिवणारी एक कंपनी होती. थोरल्या भावानं उभी केलेली. सगळे त्याला दादा म्हणत. दादा अचानक गेला आणि कारभार त्याची बायको आणि धाकटा भाऊ, म्हणजे वहिनी आणि भाऊजी, यांच्यावर आला. देवानं काम भरभरून दिलं. दुसऱ्या गावात नवा कारखाना निघाला. ईमेल मात्र अजून एकच, दादाच्या नावाचं, आणि त्याचा पासवर्ड शिंप्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना पाठ. एकदा तर एकाच गिऱ्हाइकाला तिघांनी तीन वेगळे रंग कळवले!

शेवटी ठरलं: ईमेल, फाइली, मीटिंगा, सगळं क्लाउडवर न्यायचं, प्रत्येकाला स्वतःचं खातं द्यायचं. त्यासाठी दोन सेवा महिनाभर वापरून बघायच्या आणि एक निवडायची.

पहिल्या सेवेत ज्यानं फाइल उघडली असेल त्याचं नाव वर हिरव्या गोलात दिसे. थोड्याच दिवसांत वहिनींना ऑर्डरींच्या फाइलवर नाव दिसलं: 'दादा'.

वहिनींनी चहाचा कप बाजूला ठेवला. जुनं खातं नव्या सेवेत तसंच आणलं होतं खरं, पण ते आता कोणी वापरायचं नव्हतं. आणि हा गोल रोज जेवणाच्या सुट्टीत उगवायचा, काही न लिहिता थांबायचा, मावळायचा.

"भाऊजी, यांच्या नावानं आत कोण शिरतंय?"

"मला काय माहीत? म्हणून तर म्हणतोय, दुसरी सेवा घेऊ. जुनं खातं तिकडे न्यायचंच नाही. विषय संपला."

विषय संपला म्हणे! वहिनींच्या मनात तो तिथूनच सुरू झाला. एवढी घाई का यांना? नव्या कारखान्याची गिऱ्हाइकं परस्पर फोडायची असतील. इकडे भाऊजींना वाटे, वहिनीच दादाच्या नावानं आत शिरून आपल्यावर पाळत ठेवतात आणि वर आपल्यालाच विचारतात. देवानं डोळे दोनच दिले. संशय आपला तिसरा उघडतो, आणि त्याला नसलेलंच जास्त दिसतं. वहिनींनी वकिलाकडे वाटणीची चौकशीसुद्धा केली. दादाच्या कंपनीचे दोन तुकडे व्हायची वेळ आली.

निवडीच्या दिवशी दोघं एकाच टेबलाशी डबे उघडून बसले, समोर स्क्रीन. सुट्टी झाली आणि गोल उगवला. भाऊजींच्या हातात घास. वहिनींच्याही. दोघांनी आधी एकमेकांचे हात पाहिले, मग तोंडं.

"म्हणजे तुम्ही नाही?"

"मला वाटलं तुम्ही!"

"मी? एवढा रिकामा वेळ आहे का मला?"

वहिनींनी हात पुसला आणि एका रिकाम्या रकान्यात लिहिलं, "कोण आहे?"

मग एकेक अक्षर अडखळत उमटलं: "सूनबाई, जेवलीस का?"

भाऊजींचा घास हातातच राहिला. "आप्पा?"

आप्पा म्हणजे वहिनींचे सासरे. दादाचा जुना टॅब्लेट त्यांच्या उशाशी असे, आणि त्यात दादाचं लॉगिन तसंच राहिलेलं. संध्याकाळी दोघांनी विचारलं तेव्हा म्हातारा ओशाळला.

"मला त्यातलं काय कळतंय? त्याचं नाव हिरवं झालं की वाटतं, कामावर बसलाय. जेवायला हाक मारावी. म्हणून सुट्टीत बघतो. तुमचं काही बिघडलं का रे?"

वहिनी म्हणाल्या, "बिघडता बिघडता राहिलं, आप्पा."

निवड पहिल्या सेवेची झाली. कामाच्या फाइलींतून दादाचं खातं काढलं, ते योग्यच. पण बंद नाही केलं. त्यात एकच फाइल ठेवली, आप्पांसाठी. सुट्टीत ज्याला सवड होईल तो तिथे डोकावतो, काय जेवलो ते लिहितो. पहिल्याच दिवशी भाऊजींनी लिहिलं, "आप्पा, आज वहिनींच्या डब्यातली भाजी चोरली." खाली वहिनींचं: "बघत होते मी."

एवढीच गोष्ट. आता उठाल, आपापल्या कामाला लागाल. कुणाचं जुनं खातं पुसायला बोट उचललंत, तर क्षणभर आप्पांना आठवा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा दादाचंही नाव घ्या. तिथे हिरवा गोल लागत नाही.