शंभर किलोमीटरचा रूळ

आईने बाथरूमसाठी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं होतं, पायांना रबरी बूट असलेलं. अकरा वर्षं चंद्रावर राहून आलेल्या माणसाला सुरुवातीला उभ्याने आंघोळ जमत नाही, हे तिला मीच सांगितलं होतं. रविवारी दुपारी ती फरशीवर पाणी ओतून स्टूल घसरतं का ते बघत होती. मी बाहेरच्या खोलीत दादाच्या फोनची वाट बघत बसले होते. समोर त्याच्या हाडांचा अहवाल होता.

दादा तिथे रूळ टाकायला गेला. चंद्रावर हवा नाही आणि ओढही कमी. रुळातली विजेची वेटोळी चुंबकासारखी डब्याला पुढे ओढत नेतात, आणि टोकाला पोचेपर्यंत डबा एवढा वेग घेतो की चंद्र सोडून थेट निघून जातो. इंधन लागत नाही. त्या रुळाचं गणित माझ्याकडे होतं. लांबी शंभर किलोमीटर, वेळ त्र्याऐंशी सेकंद, आणि तेवढा वेळ माणसाच्या अंगावर घरच्या वजनाच्या तिप्पट भार.

शंभरच्या पुढे डोंगर होता. तो फोडून दोनशेपर्यंत जावं, म्हणजे भार निम्म्यावर येईल, असं मी बैठकीत म्हटलं होतं. आणखी सहा वर्षं लागली असती. "शंभर पुरे गं," दादा तेव्हा म्हणाला होता. "मला दात शाबूत असताना आईच्या हातचं जेवायचंय." मी शंभर लिहिले. धडधाकट माणसाला तिप्पट भार सोसतो, हे खरंच होतं. रूळ चालू झाला आणि चंद्रावरून उठणारी रॉकेटं बंद झाली. आता तिथे यानाने उतरता येतं. निघायचं ते रुळावरूनच.

फोन आला.

तिथे आवाज जाऊन यायला अडीच सेकंद लागतात, त्यामुळे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. म्हणून रुळावरच्या लोकांनी सवय लावून घेतली आहे: आपलं बोलून झालं की 'सोडलं' म्हणायचं. डबा सोडतानाही ते हेच म्हणतात. आईला ते कधी जमलं नाही. ती मध्येच बोलते आणि मग मायलेक 'काय? काय?' करत बसतात.

"बोल, मोजपट्टी," दादा म्हणाला. लहानपणापासून मी त्याची मोजपट्टीच आहे. "डॉक्टर माझ्या नजरेला नजर देत नाहीयेत. म्हणतात, बहिणीला विचारा. सोडलं."

"कमी ओढीत हाडं विरलीत तुझी. मणके दीडपटीच्या वर भार घेणार नाहीत. सोडलं."

"रोज दोन तास पट्टे बांधून पळतोय की, पिंजऱ्यातल्या उंदरासारखा. सोडलं."

"म्हणून दीडपट तरी आहे. सोडलं."

"डबा हळू सोडला तर? सोडलं."

"वेग पुरणार नाही. परत चंद्रावरच आदळशील. दादा, तुला माहीत आहे हे. सोडलं."

"माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." तो म्हणाला. "माझ्या जबाबदारीवर जातो असं लिहून देतो. वर तुझी सही लागेल, भाराच्या मर्यादेचा आकडा तुझा आहे म्हणून. करशील? सोडलं."

मी गणित पुन्हा एकदा मनात करून बघितलं. अकरा वर्षांत त्यात चूक निघाली नव्हती, आताही निघाली नाही. मणका कितव्या सेकंदाला खचेल ते सांगता येत नाही. पण एकदा निघालेला डबा मध्ये थांबवता येत नाही, हे सांगता येतं.

"नाही," मी म्हणाले. "सोडलं."

 पलीकडे त्याच्या टेबलावरचा मग खुळखुळायला लागला. त्याची खोली रुळाच्या वीजघरावर आहे; डबा रुळावर असेपर्यंत मग वाजत राहतो. मी सवयीने मोजत राहिले. त्र्याऐंशीला आवाज थांबला. कुणीतरी घरी निघालं होतं.

दादाने 'सोडलं' म्हटलं नव्हतं, त्यामुळे माझी पाळी आली नव्हती.

आई दारात उभी होती. हात ओले होते आणि साडीचा काठ भिजला होता. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती टेबलापाशी आली आणि फोनवर वाकली.

"मी ऐकलंय सगळं," ती म्हणाली. "हिच्यावर रागावू नकोस. आणि स्टूल मी वापरीन, माझेही गुडघे दुखतात." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "शेवटी काय म्हणायचं असतं गं?"

मी सांगितलं.

"सोडलं," आई म्हणाली, आणि तोंड मिटून बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती मध्ये बोलली नाही.

"बोलत का नाही हा?"

"आई, अडीच सेकंद लागतात."

"ते केव्हाच झाले," आई म्हणाली.