मधोमध तपकिरी

ही गेल्यावर घरातलं बाकीचं मला जमलं. स्वयंपाक करपतो, पण खातो. भीती वाटते ती अंगणातल्या दगडांमधल्या झाडाची.

उंच डोंगरावरचं झाड ते. हिने चिमूटभर बी पेरलं, त्यातलं एकच जगलं. वितीएवढं, उशीसारखं गच्च. थंडी सरली की गुलाबी फुलांनी भरतं. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलंय.

त्या सकाळी त्याच्यावर साचलेली ओली पानं उचलली, तर मधोमध तपकिरी डाग. बोट टेकवलं, तर बोट आतच गेलं. हिच्या धाकट्या बहिणीला, ठमीला, फोन केला. ती रोपवाटिकेत काम करते.

तिने येऊन वाकून पाहिलं. "कूज आहे, भाऊजी. आजच कापा, नाहीतर सगळंच जाईल."

"तू काप."

"जन्मभर लोकांची डोकी भादरलीत, आणि एवढ्याशा झाडाला घाबरता?"

"डोक्यावरचे केस परत येतात, ठमे."

तिने पिशवीतून आपली कात्री काढून पाहिली. मग म्हणाली, "माझी कात्री जाड आहे. तुमची आणा."

मी दुकानातली पेटी आणली. न्हाव्याचा हात थरथरला तर गिऱ्हाईक उठून जातं. हे बिचारं कुठे जाणार? हिच्या वेळीही डॉक्टर म्हणाले होते, थोडंसंच कापायचंय.

"अजून," ठमी म्हणत होती. "हिरवं लागेपर्यंत."

मधला भाग निघाला. तळाशी मूळ दिसलं, पांढरं, घट्ट. मला इतकं हायसं वाटलं की तिथेच घात झाला. केस कापून झाले की हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे जातो. तसाच गेला, आणि फवारा थेट जखमेवर बसला. वरून पाणी घालू नका, एवढं एकच ही मला बजावायची.

ठमीने माझं मनगट धरलं. "अहो, काय करताय?"

पेटीत गिऱ्हाइकाच्या मानेभोवती लावायच्या कागदी पट्ट्या होत्या. त्यांनी टिपत राहिलो, पट्टी कोरडी निघेपर्यंत. मग ठमीने खड्ड्यात कोरडी बारीक खडी भरली.

"वाचेल ना?"

"कळेल. तोवर हात लावायचा नाही."

अजून कड हिरवी दिसते. आत काय चाललंय ते दाबल्याशिवाय कळणार नाही. मी रोज सकाळी जाऊन हात पाठीमागे बांधून उभा राहतो.