सेकंदाला साठ

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. टेबलाखालच्या काळ्या डब्यात, धुळीत बसलेला. पडद्यावरचं आभाळ, झाडं, पाणी सगळं मीच रंगवतो. नाव मात्र पडद्याचं होतं. चालायचंच!

मला या घरात आणलं ते मुलीनं, तिच्या आईसाठी. आईची नजर अधू होत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "वर्षभर दिसेल. पुढचं सांगता येत नाही." तिला एकदा माहेर बघायचं होतं, टेकडीमागचं तळं आणि काठावरची घरं. पण गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून मुलीनं विमान उडवायचा खेळ बसवून दिला. त्यात सारी पृथ्वी होती, ते तळंही होतं. "बाबा, आईला फिरवून आणा," म्हणाली आणि आपल्या घरी गेली.

बाबा घड्याळजी. एका सेकंदाची चूक असली तरी घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाहीत. मी सेकंदाला किती चित्रं काढतो त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो, हे त्यांना कळलं आणि झालं! "साठ म्हणजे साठ," म्हणाले. वर तळ्याची एक लाटही कमी करायची तयारी नाही. मी जीव तोडून पळायचो, पंखा गरगरायचा, पण तळ्यावर आलं की आकडा एकेचाळीसवर अडायचा आणि विमान गचके खायचं.

रोज दुपारी आई शेजारी खुर्ची ओढून बसायची.

"निघायचं का?"

"थांब गं, सावल्या जरा कमी करून बघतो."

"अहो, अडखळत गेलं तर काय बिघडलं? मला कुठं घाई आहे?"

"अर्धवट काम दाखवायची सवय नाही मला." बाबा पडदा आपल्याकडे वळवून घ्यायचे.

ती हसायची आणि मटार सोलत बसायची.

कधी ढग कमी, कधी झाडं. असे महिने गेले. ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो घड्याळजी, पहिल्याच दिवशी तळं दिसत होतं की! ओबडधोबड, पण तळंच. मला तोंड कुठे?

शेवटी एका दुपारी जमलं. सगळ्या लाटांसकट साठ! "अगं, ये लवकर!" बाबा ओरडले.

आई खुर्ची चाचपत आली. पडद्याला नाक लावलं. "उजेड आहे," म्हणाली. "निळं आहे का हो काही?"

बाबांचा हात विमान चालवायच्या दांड्यावरून खाली आला. "चुकलो गं मी," एवढंच म्हणाले.

"असू दे. आता तुम्ही बघा आणि मला सांगा."

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर जे दिसतंय ते आजच दाखवा, एवढंच माझं मागणं.

आता रोज दुपारी दोघं तळ्यावर जातात. ती विचारते, "तिसरं घर आमचं. पुढच्या दगडी पायऱ्या दिसतात का?"

"दिसतात की," बाबा म्हणतात. "सगळ्या दिसतात."

पायऱ्या माझ्या चित्रात नाहीतच. एका सेकंदाचं खोटं न चालवणारा माणूस रोज खोटं बोलतो, आणि मी सेकंदाला साठ चित्रं काढत राहतो. त्यातलं एकही तिला दिसत नाही.