भोंगा आणि साहेबांचा आवाज

साल ब्याण्णव. नळासाठी गल्ली खणून ठेवली होती आणि ती बुजवायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, ते साल. तेव्हाच मावशीच्या दोन खोल्यांत तिची धाकटी बहीण तान्ह्या मुलाला घेऊन राहायला आली. धाकटीला नशेच्या गोळ्यांची सवय होती, ती पोटातल्या बाळालाही लागली. ते थरथरायचं, अंग ताठ करायचं आणि असं रडायचं की वरच्या मजल्यावरचे आजोबा कानातलं यंत्र काढून ठेवायचे. मावशी त्याला भोंगा म्हणायची.

सरकारने अशा बाळांसाठी घरी येणारी नर्स दिली होती. खोलीत अंधार, घट्ट दुपटं, हळू झुलवणं, सगळं तिनेच शिकवलं. तिच्याच आधारावर धाकटीही गोळ्यांपासून लांब होती. “ती यायची थांबली तर मी पुन्हा घसरेन गं ताई,” असं ती रडून म्हणाली होती.

आणि मदत चालू ठेवायची की नाही, हे बघायला सरकारी साहेब येणार होते.

घर बघायला कुणी येणार म्हटल्यावर मावशीच्या अंगात आलं. फरशी लख्ख, पडदे ओढलेले, दाराच्या घंटीत कापडाचा बोळा. साहेब आले तेव्हा भोंगा लोण्याच्या गोळ्यासारखा झोपला होता.

“बाळ तर ठणठणीत आहे.”

“आमच्याकडे कशाची म्हणून कमी नाही!” मावशी फुशारली.

धाकटीने तिला ढोसलं. “ताई, मुलगी दाखवतेयस का? ते मदत बंद करतील!”

मावशीचा चेहराच उतरला. “तसा फार रडतो हो तो. भोंग्या, ऊठ रे राजा, रड बघू!” चिमटा काढायला तिचा हात पुढे गेला, पण धजेना.

साहेबांनी मदतीचे नियम वाचायला घेतले. आवाज म्हणजे जुन्या पंख्याची घरघर, ना चढ ना उतार. भोंगा आणखीच गाढ झोपला. वाचून झालं, साहेब गप्प झाले.

आणि भोंगा वाजला.

हातपाय थरथरायला लागले, तोंड लालबुंद झालं. धाकटीने झुलवलं, मावशीने थोपटलं, ढिम्म फरक नाही.

“हा असाच रडतो?” साहेब ओरडले.

“असाच!” दोघी एका सुरात म्हणाल्या.

घाबरून साहेबांनी पुन्हा वाचायला घेतलं, “अर्जदाराने सदर बालकास...” आणि रडणं थांबलं. साहेब थांबले, भोंगा सुरू.

“थांबू नका हो!”

“अहो, पाणी तरी...”

“वाचता वाचता प्या.”

नियम संपले, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर संपला. नर्स आली तेव्हा भोंगा साहेबांच्या मांडीवर होता आणि साहेब बसक्या आवाजात त्याला स्वतःच्या बदल्यांची हकीकत सांगत होते.

“बाई,” त्याच सुरात ते म्हणाले, “तुम्ही येत राहा. कृपा करून रोज या.”

मदत भोंगा शाळेत जाईपर्यंत चालली. मधे धाकटी एकदा घसरली, पण नर्स दारात उभीच होती. आता धाकटी बेकरीत पहाटपाळीला जाते. नर्सचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. साहेब बढती मिळून भाषणं करू लागले, लोक बसल्या जागी घोरायचे. भोंगा विजेची कामं करतो आणि इतका हळू बोलतो की दोनदा विचारावं लागतं. मावशीची घंटी मात्र त्याने अजून दुरुस्त केलेली नाही. बोळा काढू देईल तर ना ती!